पिवळे दगड

रस्त्याच्या कडेला रंग फासलेला दगड दिसला की माझा हात आपोआप छातीशी जातो. म्हसोबा असेल, वेताळ असेल, नुसता मैलाचा दगडही असेल. हात चौकशी करत बसत नाही. बोनेरला पहिल्याच दिवशी तेच झालं. भाड्याचा पिकअप घेऊन निघालो, समुद्राच्या बाजूला एक पिवळाधमक दगड दिसला आणि हात गेला. लेक गाडी चालवता चालवता म्हणाली, "आई, ती डाइव्ह साइट आहे."

बोनेर म्हणजे व्हेनेझुएलाच्या वर कॅरिबियन समुद्रातलं एक छोटं बेट. राज्य नेदरलँड्सचं, भाषा पापियामेंतू आणि खिशात अमेरिकन डॉलर. लेक नेदरलँड्समध्ये नोकरीला, आम्सटरडॅमहून थेट विमान, म्हणून आमची वर्णी लागली. पंचावन्नाव्या वर्षी स्कूबा, म्हणजे पाठीला सिलिंडर लावून पाण्याखाली बुडी मारणं, शिकलेल्या बाईला लोक कौतुकाने विचारतात, "ऑक्सिजनचा सिलिंडर जड असतो का हो?" जड असतोच, पण त्यात ऑक्सिजन नाही, आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. हे सांगितलं की कौतुक थोडं उतरतं.

या बेटाची गंमत अशी की बुडी मारायला होडीची गरज पडत नाही. पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळ अगदी काठाशी. पिवळा दगड शोधायचा, त्यावरचं नाव वाचायचं, गाडी लावायची, सिलिंडर पाठीला मारायचा आणि चालत समुद्रात शिरायचं. असे पन्नासहून जास्त दगड आहेत. गाडीत मौल्यवान काही ठेवू नका, एवढं सगळे बजावतात. नवऱ्याला पाकिटापेक्षा चपलांची काळजी. आम्ही रबरी बूट चढवून चपला दगडापाशी काढल्या, तर हा दोनदा मागे वळून बघून आला. देवळातही याचं निम्मं लक्ष बाहेरच असतं.

एका दगडाचं नाव 'थाउजंड स्टेप्स'. पायऱ्या सत्तरीच्याही आत. जेजुरीच्या चारशेच्या आसपासच्या पायऱ्यांना आपण नवलाख म्हणतो, त्यामानाने हे लोक हिशेबाला फार पक्के. शिवाय पंधरा किलोचा सिलिंडर पाठीवर घेऊन ओल्या अंगाने वर चढताना हजार हा आकडा मला कमीच वाटला.

पाण्यात शिरण्याआधी मास्कच्या काचेला आतून थुंकी लावायची, म्हणजे काच धुरकटत नाही. पाय धुऊन आत जायची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं. पण पुढे सोवळं कडक. बेटाभोवतीचं सगळं पाणी 1979 पासून सागरी उद्यान आहे. प्रवाळाला हात लावायचा नाही, हातमोजेही घालायचे नाहीत, कारण हातमोजे असले की माणूस बिनधास्त काहीही धरतो. आयुष्यभर सोवळ्याची चेष्टा केली, इथे मात्र पहिल्यांदाच पटलं. जिवंत आहे ते, बोट लागलं तर दुखावणारच.

खाली शांतता असते म्हणतात, ते काही खरं नाही. आपला श्वास घोरल्यासारखा ऐकू येतो आणि सतत कुरकुर चालू असते. पोपटमासे चोचीने प्रवाळाचे दगड कुरतडत असतात. त्या दगडाचं पोटात पीठ होतं आणि मागून पांढऱ्या ढगासारखं बाहेर पडतं. कॅरिबियनच्या पांढऱ्या वाळूत या ढगांचा मोठा वाटा. संध्याकाळी नवरा वाळूत पाय पुरून डोळे मिटून पडला होता. त्याला लगेच सांगितलं नाही, जेवण झाल्यावर सांगितलं.

दक्षिण टोकाला पिवळे दगड आहेतच, पण तिथे रंगवलेले दगडी खांबही आहेत. 1837 मध्ये लाल, पांढरा, निळा आणि नारिंगी असे चार उभारले होते. कुठल्या मिठागरापाशी नांगर टाकायचा हे जहाजांना कळावं म्हणून. शेजारी गुलामांच्या खोपट्या, 1850 च्या. दारं इतकी बुटकी की मला गुडघ्यांवर रांगत आत जावं लागलं. मीठ काढणारे इथे नुसते झोपायला येत. घरदार उत्तरेला रिंकोन गावात, आठवडा संपला की कित्येक तास चालत जायचं. मिठागराचं पाणी गुलाबी, पलीकडे मिठाचे पांढरेशुभ्र ढीग, आणि फोटोला फारच सुंदर. लेकीने फोन काढला आणि परत ठेवला. तिथून बाहेर पडल्यावर गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

विमानाआधी दिवसभर पाण्यात उतरायचं नसतं, शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. त्यामुळे शेवटच्या दिवशी आम्ही नुसतेच किनाऱ्याने फिरलो. दगड आला की नवरा गाडी हळू करायचा, मी नाव मोठ्याने वाचायची. एका दगडाशी कुणाचा तरी रिकामा पिकअप होता, काचा उघड्या, माणूस कोणी नाही. दगडाला टेकून दोन जोड चपला, तोंडं समुद्राकडे.

नवरा म्हणाला, "थांबूया का जरा? ते वर येईपर्यंत."