आमची वाटचाल : गणवेशाचा हिशेब एकदा नीट मांडतो

दर जूनमध्ये गणवेश महाग झाला म्हणून पालक चिडतात. तो राग निघतो कुणावर, तर शिवणाऱ्यावर. सोलापुरात गणवेश शिवायला लागून आमची पंचवीसहून जास्त वर्षं झाली आणि हे बोलणं आम्ही दर हंगामात ऐकलं. म्हणून वाटचाल सांगण्याआधी एका शर्टाचा हिशेब सांगतो.

28 नंबरचा हाफ शर्ट घ्या. 67 टक्के पॉलिस्टर, 33 टक्के कॉटनचं शर्टिंग, पन्ना म्हणजे रुंदी 58 इंच. मार्कर, म्हणजे कापडावर तुकड्यांची आखणी, नीट बसवला तर पाऊण मीटरच्या आसपास कापड जातं. बऱ्या प्रतीचं कापड मीटरला शंभराच्या घरात पडतं. कॉलर ताठ ठेवणारं फ्यूजिंग, दोरा, बटणं मिळून दहा-बारा रुपये. शिलाई चाळीस. काज-बटण, दोरे काढणं, इस्त्री, पॅकिंग, वीज आणि भाडं धरलं की शर्ट दीडशे ते एकशेसाठला तयार होतो. आम्ही तो एकशेनव्वदला देतो, वर 5 टक्के जीएसटी. दुकानदार अडीचशेला विकतो. त्याला भाडं, उधारी आणि उरलेले नंबर सांभाळायचे असतात, त्याचं काही चुकत नाही. पण खिशावर दहा रुपयांचा भरतकामाचा बिल्ला लागून हाच शर्ट शाळेतल्या काउंटरवर साडेचारशे-पाचशेला जातो. मधले पैसे ना कापडात आहेत, ना शिलाईत. ते कुठे जातात हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, लिहीत मात्र कुणी नाही.

आमचे वडील गिरणीत होते. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. हाती आलेल्या फंडाच्या पैशातून 1998 साली पूर्व भागात दोन खोल्या घेतल्या आणि सेकंडहँड शिलाई मशीन बसवल्या. पैसा आमचा होता, हात मास्तरांचे. ते मुंबईत गारमेंटमध्ये कटिंग करून परतलेले पद्मशाली समाजातले गृहस्थ. पगारावर येणार नाही म्हणाले. रुपयात चार आणे हिस्सा ठरला आणि तो कागदावर न लिहिता शेवटपर्यंत चालला.

मास्तरांची कात्री बारा इंची, चांगलीच वजनदार. धार ते स्वतःच लावायचे, दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. पुढे आम्ही उभ्या चाकूचं कटिंग मशीन घेतलं, तरी पहिला थर आणि शेवटचा थर ते कात्रीने कापून जुळवून बघायचे. चाकू कलला तर वरचा शर्ट 28 चा निघतो आणि खालचा 27 चा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चेक्सचं कापड अंथरताना ते टेबलावर खिळ्यांची पट्टी लावून प्रत्येक थराची रेघ त्या खिळ्यांत अडकवायचे. त्यात वेळ जातो, पण खिशाचा चेक आणि छातीचा चेक एका रेघेत येतो. दोन थानांचा रंग सारखा दिसला तरी ते थानं मिसळू देत नसत. प्रत्येक थरावर नंबराची चिठ्ठी लावायची आणि एका थरातले तुकडे एकाच शर्टात जायचे. नाहीतर तीन धुण्यांनंतर बाही एका रंगाची दिसते आणि पाठ दुसऱ्या.

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट मायेचा, म्हणजे शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाचा. मुलींच्या पिनोच्या, म्हणजे शर्टावरून घालायच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकच्या, घेराला आत दोन इंच दाब (दुमडून शिवलेलं कापड) आणि पँटच्या मागच्या शिवणीत इंचभर माया ठेवायचीच. हजार नगांच्या लॉटमध्ये याला बरंच कापड जास्त लागतं. मी सुरुवातीला हिशेब दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "पोरगं वर्षात दोन इंच वाढतं, सावकार. त्याच्या बापाचा पगार वाढतो का?" तेव्हापासून माया कधी कमी केली नाही. आमचा पिनो दोन वर्षं चालतो, तो या दोन इंचांमुळे.

मधली वर्षं बरी गेली. मशीन वाढल्या, लातूर-नांदेडपासून विजापूरपर्यंत माल जाऊ लागला, घरी काज-बटण करणाऱ्या बायकांची संख्या वाढली. त्यातल्या बऱ्याच जणी आधी विड्या वळायच्या.

मग 2020. या धंद्याचं चक्र ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापडाचं बुकिंग दिवाळीनंतर होतं, कटिंग जानेवारीत सुरू होतं, एप्रिलपर्यंत माल छतापर्यंत रचला जातो. मे-जूनमध्ये तो निघतो आणि वसुली दिवाळीपर्यंत चालते. म्हणजे मार्चच्या शेवटी गणवेशवाल्याचा सगळा पैसा गोदामात असतो. लॉकडाऊन लागला तो नेमका मार्चच्या शेवटी. कापडवाल्याचं देणं उभं, बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीची उचल मर्यादा, संपलेलं आणि शाळा बंद. साधा पांढरा शर्ट कुठेही खपतो. पण एका शाळेचा हिरवा-करडा चेक, त्यावर त्या शाळेचा बिल्ला, हा माल दुसऱ्या कुणाला विकणार? आम्ही मास्क शिवले, त्यातून कारागिरांची हजेरी निघाली, व्याज निघालं नाही. 2021 चा जूनही तसाच गेला. शेळगीचा प्लॉट त्या वर्षी विकला. त्या दोन वर्षांत मास्तरांनी आपला हिस्सा उचलला नाही आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

शाळा सुरू झाल्या तेव्हा 24 नंबरची पोरं 28 ची झाली होती. लहान नंबर पडून राहिले, मोठ्या नंबरांची ओरड झाली. तरीही आम्ही उभे राहिलो असतो. पण ज्या खासगी शाळेचा गणवेश तिच्या पहिल्या तुकडीपासून आम्ही शिवला, तिचा दोन हंगामांचा माल गोदामात होता. 2022 मध्ये तिथून पत्र आलं की यंदापासून नवीन रंग, नवीन चेक, नवीन पुरवठादार. शाळेचं नाव घेत नाही, पुरवठादाराचंही नाही. पत्राच्या आधी मला बोलावलं होतं. दर सेटमागे शाळेला किती टक्के देणार, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, दर कमी करून देतो, तो फायदा पालकांना द्या. बोलणं तिथेच संपलं.

नवीन पुरवठादार बाहेरगावचा. गणवेश, बूट, मोजे, दप्तर, वह्या असं एकच पॅकेज. मी त्यांचा एक सेट विकत आणून टेबलावर उसवला. आमच्या शर्टाला इंचाला अकरा टाके असतात, त्यांच्याला सात. शिवणीत माया अजिबात नाही. बटण साखळी टाक्याचं, दोऱ्याचं टोक ओढलं की हातात येतं. कापडात पॉलिस्टर इतकं जास्त की सोलापूरच्या एप्रिलमध्ये ते पोराच्या अंगाला चिकटणार. आणि किंमत आमच्या दुकानदाराच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट.

पालक माझ्याकडे यायचे, म्हणायचे तसाच शिवून द्या. मला ते कापडच मिळेना. तो चेक त्या एका शाळेसाठी विणून घेतलेला होता, बाजारात त्याचं थान नव्हतं. नियम असा मोडतात. ठरावीक दुकानातूनच खरेदीची सक्ती करू नये, अशी परिपत्रकं आपला शिक्षण विभाग काढत आलाय. सीबीएसईनेही एप्रिल 2017 मध्ये शाळांना पुस्तकं-गणवेशांचा व्यापार करू नका म्हणून बजावलं. शाळा कागदावर सक्ती करतच नाही. कुठूनही घ्या म्हणते. फक्त ते कापड एकाच जागी मिळतं.

दिल्ली सरकारने मे 2022 मध्ये काढलेला आदेश मला त्यामानाने पक्का वाटतो. गणवेश जिथे मिळतो अशा जवळच्या किमान पाच दुकानांचे पत्ते शाळेने जाहीर करायचे आणि निदान तीन वर्षं रंग-डिझाइन बदलायचं नाही. उत्तर प्रदेशाच्या 2018 च्या शुल्क कायद्यात तर सलग पाच वर्षं गणवेश बदलायला मनाई आहे. महाराष्ट्रात असा आकडा कायद्यात यावा, ही माझी जुनी मागणी आहे. पाच वर्षं रंग कायम राहिला तर थोरल्याचा शर्ट धाकट्याला होतो आणि कारखानदाराचा उरलेला माल कचरा होत नाही.

आम्हाला सावरलं ते मंगळवेढ्याकडच्या एका अनुदानित शाळेने. तिथल्या मुख्याध्यापिका बाई आमच्या सुरुवातीपासूनच्या. पांढरा शर्ट, खाकी पँट, निळा पिनो, त्यांनी कधी बदलला नाही. दर मे महिन्यात स्वतः कारखान्यात येतात, पिनोचा घेर उलटा करून दाब बोटांनी मोजतात आणि मगच ऑर्डर देतात. 2022 ला त्यांनी ऑर्डरबरोबर निम्मी रक्कम आगाऊ दिली. आसपासच्या शाळांना फोनही त्यांनीच केले.

सरकारी शाळांचं थोडक्यात सांगतो. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेत दोन गणवेशांचे सहाशे रुपये धरलेले आहेत. तीनशेत शर्ट-पँट पहिली-दुसरीच्या पोराची बसते, आठवीच्या मुलाची फुल पँट बसत नाही. 2024-25 मध्ये कापड राज्य पातळीवर घेऊन बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं. फिका निळा शर्ट आणि गडद निळी पँट. बऱ्याच शाळांत पंधरा ऑगस्ट उलटला तरी गणवेश पोचले नव्हते, नंबरांचीही तक्रार झाली. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं, ते बरं झालं. समितीवरची बाई पोराला दुकानात उभं करून माप बघू शकते. त्या बचत गटांतल्या बायकांना मात्र दोष देऊ नका. शिवणारीला आधी नंबराचा फर्मा, म्हणजे कापायच्या मापाचा नमुना, नीट द्यावा लागतो.

आता मास्तर नजरेमुळे कापत नाहीत, पण त्यांचे पुठ्ठ्याचे फर्मे भिंतीवर 20 ते 42 पर्यंत ओळीने टांगलेले आहेत आणि त्यावरूनच आमचा माल निघतो.

पालकांना काही गोष्टी सांगून ठेवतो. खरेदी मे महिन्यात करा, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नाही, तेव्हा तुमचा नंबर संपलेला असतो आणि दुकानदार पुढचा गळ्यात मारतो. शर्ट एक नंबर मोठा चालतो, पँट कमरेला बरोबरच घ्या आणि लांबीची माया आत आहे का ते उलटी करून बघा. शिवण दोन्ही हातांनी ताणा, टाके दिसले तर ठेवून द्या. बटणाचा दोरा ओढून बघायला लाजू नका. बिल्ला सुटा मिळत असेल तर सुटाच घ्या, जुन्याचा उसवून नव्याला लावता येतो. आणि शाळेच्या काउंटरवरून घ्यावंच लागलं तर बिल घ्याच, साध्या पावतीवर भागवू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्केच जीएसटी आहे. आधी हजाराच्या वरच्या ब्लेझरला 12 टक्के लागायचा. अठराशेच्या ब्लेझरवर कुणी अजून जुना दर लावत असेल तर तो बिलातच सापडेल आणि शिक्षणाधिकाऱ्याकडे सक्तीची तक्रार न्यायची झाली तरी तोच कागद जोडावा लागेल.