बघायचे पैसे : आमच्या गॅरेजची वाटचाल

साताऱ्यात १९९६ साली गॅरेज टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे पान्यांची एक पेटी, उस्तादांनी दिलेला, फटी मोजायचा फीलर गेज आणि घरमालकांनी वापरू दिलेला पत्र्याचा आडोसा. गाड्या यायच्या त्या बहुतेक मारुती ८००, ओम्नी आणि पद्मिनी. सगळ्या कार्बोरेटरच्या, म्हणजे संगणकाशिवाय पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या. ‘मिस्त्री, गाडी ओढत नाही’ म्हणत गिऱ्हाईक आलं की कार्बोरेटरचा जेट फुंकायचा, डेल्कोचे (प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याचे) पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे, संध्याकाळी गाडी घरी. कानाने भागत होतं. इंजिनाच्या आवाजावरून कुठला सिलिंडर मिस करतोय हे मी चहा पिता पिता सांगायचो, आणि त्याचा मला माजही होता.

२०००च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्या आल्या आणि माज उतरला. कार्बोरेटर गेला, पेट्रोलचा पंप टाकीत जाऊन बसला, आणि बिघाड गॅरेजमध्ये दिसेनासा झाला. गाडी दारात उभी असली की शहाण्या मुलासारखी चालणार, घाटात चढायला लागली की धापा टाकणार. एका गिऱ्हाइकाच्या झेनला मी प्लग बदलले, मग फिल्टर, मग ठिणगीची कॉइल. तीनदा गाडी परत आली. शेवटी त्याचे जुने पार्ट पिशवीत घालून मी डिकीत ठेवले. तो काही बोलला नाही. पैसे दिले, आणि पुन्हा कधी आला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मल्टीमीटर घेतला आणि पेट्रोलचा दाब मोजायचा गेज घेतला. पार्ट बदलण्याआधी मोजायचं, आणि मोजायचे वेगळे पैसे घ्यायचे, असं ठरवलं. बायको म्हणाली, ‘नुसतं बघायचे पैसे कोण देणार?’ पहिली दोन वर्षं तिचंच खरं होतं.

मग एक निवृत्त गणिताचे सर त्यांची जुनी, पण एमपीएफआयची, ८०० घेऊन आले. यवतेश्वरचा घाट निम्मा चढला की गाडीचा जीव जायचा. अॅक्सिलरेटर दाबा, काही उपयोग नाही. दहा मिनिटं बाजूला उभी केली की पुन्हा ठणठणीत. आधीच्या तीन मिस्त्रींकडे प्लग, फिल्टर आणि टाकीतला पंपसुद्धा नवा बसवून झाला होता. सर वहीत तारीख, किलोमीटर, एसी चालू की बंद, सगळं लिहून आणायचे. असं गिऱ्हाईक नशिबाने मिळतं.

उस्ताद सांगायचे, करंट गेला तर गाडी खटकन मरते, पेट्रोल कमी पडलं तर धापा टाकत मरते. कॉइल गरम होऊन दगा देते तेव्हा झटका बसतो. सायलेन्सरकडचा कॅट, म्हणजे धूर साफ करणारा डबा, चोंदला असेल तर गाडी दहा मिनिटं थांबून ताजीतवानी होत नाही. सरांची गाडी धापा टाकत होती. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड नव्हता. येणार कुठून? त्या गाडीला पेट्रोलचा दाब ओळखणारा सेन्सरच नाही. संगणकाला वाटतंय इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) उघडला म्हणजे पेट्रोल गेलं.

गेजला लांब नळी लावली, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज पुढच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने चिकटवला, आणि सरांना शेजारी बसवून समर्थ मंदिरावरून घाटाला लागलो. सपाटीला काटा तीन बारजवळ (बार हे दाबाचं माप). तिसऱ्या वळणानंतर तो हळूहळू खाली यायला लागला. दोनच्या खाली गेला आणि गाडीने मान टाकली. सर म्हणाले, ‘म्हणजे पंपच खराब!’ मलाही तोच मोह झाला. पण पंप नवा होता.

तिथेच, इंजिन चालू ठेवून, मागची सीट उचलली. पंपाच्या सॉकेटवर मीटर लावला तर बारा-तेराच्या जागी जेमतेम नऊ व्होल्ट. मीटरची एक पिन पंपाच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या, वायरवर आणि दुसरी, लांब वायर जोडून, बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली. तिथे जवळपास शून्य हवं. तीनच्या वर आकडा! म्हणजे पंपाचा करंट परतीच्या वाटेवर अडत होता. सीटखाली बॉडीला कसलेला अर्थचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवट पडून गंजला होता, हात लावला तर चटका. मागच्या दाराचं रबर फाटलेलं, पावसाचं पाणी झिरपून सीटचा फोम ओला. सांधा तापला की अडथळा वाढे, पंप मंदावे, चढाला पेट्रोल पुरेनासं होई. थांबलं की सांधा निवे.

पत्रा घासला, नवा लग क्रिंप केला, वर व्हॅसलीन, दाराचं रबर बदललं. सातशे रुपये बिल. त्यात लग दहा रुपयांचा, रबर दीडशेचं, आणि बाकी ओळ मी धीर करून लिहिली : ‘दोष शोधणे – ५४०’. सरांनी चष्मा वर केला. बेरीज तपासली. मग म्हणाले, ‘मिस्त्री, आधीच्या तिघांनी उत्तर लिहिलं होतं, रीत कुणी दाखवली नव्हती,’ आणि सातशे मोजून दिले. पुढच्या महिनाभरात त्यांच्या ओळखीच्या पाच गाड्या आल्या.

आता दोन लिफ्ट आहेत, चार पोरं कामाला आहेत, मुलगा स्कॅनर माझ्यापेक्षा चांगला चालवतो. कोड दिसला की पार्ट मागवायची त्याला घाई असते, त्यावरून आमची आठवड्यातून एकदा तरी खडाजंगी होते. घाटातल्या ट्रायलला मात्र अजून मीच जातो. तो लांब नळीचा गेज आता तिसरा आहे. बिलावरची ‘दोष शोधणे’ ही ओळ तशीच, आकडा तेवढा वाढलाय. त्यावरून हुज्जत घालणारे आजही येतात. सरांची ८०० मेअखेरीला येते, दाराची रबरं बघायला. त्याचे पैसे मी घेत नाही.