क्लास टू मेडिकल, ईसीजी आणि मधले तीन आठवडे

आम्ही नाशिकच्या उपनगर भागात राहतो. गांधीनगरच्या लष्करी तळावरून उठणारी हेलिकॉप्टरं गच्चीवरून बघतच मी मोठी झाले, आणि बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात. त्यामुळे बारावीनंतर पायलट व्हायचं म्हटलं तेव्हा घरातून विरोध झाला नाही. धाकधूक होती ती चष्म्याच्या नंबरची. हृदयाचा विचार कोणाच्याच मनात आला नव्हता.

पायलटच्या प्रशिक्षणासाठी आधी लागते ती क्लास टूची वैद्यकीय तपासणी मुंबईत झाली. डोळे, कान, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, सगळं सुरळीत. ईसीजीचा कागद मात्र डॉक्टरांनी दोनदा उलटसुलट पाहिला. "इनकम्प्लीट आरबीबीबी दिसतोय. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा, हृदयरोगतज्ज्ञांचं मत आणा, मग पुढे बघू." एवढंच. परतताना कसारा घाटात मी तो शब्द मोबाइलवर शोधत होते आणि बोगदा आला की रेंज जात होती. रात्री आई म्हणाली, "बाळा, राहू दे हे विमानाचं."

ओळखीच्या एकाने सुचवलं, दुसऱ्या डॉक्टरकडे नव्याने तपासणी कर, हा ईसीजी दाखवूच नकोस. बाबांनी त्यांना तिथेच थांबवलं. "आमच्याकडे विमानाच्या पत्र्यावर चीर दिसली की ती आधी रजिस्टरला चढते. हिचं हृदयही तसंच तपासायचं." मला त्या क्षणी खूप धीर आला.

गंगापूर रोडच्या हृदयरोगतज्ज्ञांनी आधी बसवलं आणि कागदावर हृदय काढून समजावलं. इनकम्प्लीट आरबीबीबी म्हणजे हृदयातला विजेचा संदेश उजव्या बाजूला किंचित उशिरा पोचतो. धडधाकट तरुणांमध्येही हे दिसतं. पण वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल, तरी ईसीजी असाच येऊ शकतो. म्हणून इको.

त्याआधी त्यांनी ईसीजी पुन्हा काढायला लावला. तिथल्या ताईंनी बोटाने माझ्या फासळ्या मोजल्या, चौथ्या फटीपाशी थांबल्या आणि मगच पहिलं पॅड लावलं. म्हणाल्या, हे पॅड वर लागलं तरी ईसीजीवर आरबीबीबीसारखी जादा खाच उमटते. माझी खाच लहान झाली, गेली मात्र नाही.

इकोला डाव्या कुशीवर झोपवलं. गार जेल, अंधारी खोली, पडद्यावर लाल-निळे रंग. यंत्राकडे येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं. डॉक्टर बराच वेळ एकाच जागी थांबले, तेव्हा मी श्वास धरून होते. "पडदा शाबूत आहे," ते म्हणाले. टीएमटी, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, तीही झाली. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा चढ आणि वेग दोन्ही वाढतात, पोटऱ्या भरून आल्या, पण ईसीजी ठीक राहिला.

रिपोर्टवर फक्त 'नॉर्मल' लिहून आणू नका. मी विनंती करून लिहून घेतलं: पडदा शाबूत, उजवे कप्पे वाढलेले नाहीत, झडपा ठीक, टीएमटी निगेटिव्ह, म्हणजे दोष आढळला नाही. तपासणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. तीन आठवड्यांनी क्लास टू फिट आलं.

पुढे व्यावसायिक पायलटला लागणाऱ्या क्लास वनच्या तपासणीला दिल्लीला वायुसेनेच्या केंद्रात गेले, तेव्हा ईसीजीवर तोच प्रश्न आला. मी फाइल पुढे केली. त्यांनी दोन्ही ईसीजी शेजारी ठेवून पाहिले आणि मान हलवली.

एक मात्र करा. ईसीजीचा कागद थर्मल असतो, वर्षभरात फिका पडू शकतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा. माझ्या पहिल्या ईसीजीची झेरॉक्स फाइलमध्ये सगळ्यात वर आहे, दरवर्षीच्या मेडिकलला तीच आधी काढून देते.