जुन्या कड्यांची बाकं आणि गिरणीवाल्याचं ‘नाही’

बाक जोडणं फार सोपं आहे, हे आधीच सांगून टाकते. अंगणात ठेवायचं, पाठ नसलेलं साधं बाक एका दुपारी उभं राहतं. सगळं अडतं ते आरा गिरणीच्या दारात, आणि त्याचा राग माझा अजून पुरता गेलेला नाही.

वाईजवळच्या गावात आमच्या सासरच्या घराचा वरचा मजला उतरवला. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, कड्या (आडवे वासे) आणि पाट (त्यांवरच्या फळ्या) मागच्या गोठ्यात रचून ठेवले होते. बघायला येणारा प्रत्येक जण एकतर सगळं एकगठ्ठा विकत मागायचा, नाहीतर सरपण करा म्हणायचा. लाकूड सागवान आणि ऐन नावाच्या झाडाचं, बाहेरून काळंठिक्कर. पण रंधा एकदा फिरवला की आतून सोनेरी सागवान निघायचं. ते बंबात घालायला माझं मन होईना.

कडी साधारण 4 इंच बाय 3 इंचाची. ती मधोमध उभी चिरली की बाकाच्या दोन पट्ट्या होतात. हे काम हातकरवतीने करायचं म्हणजे खांदा कामातून जातो, म्हणून गिरणी. पहिल्या गिरणीत मालकाने टेम्पोतल्या मालाकडे नजर टाकली आणि म्हणाला, “जुनं घेत नाही.” का, तर खिळे. दुसरीकडेही हेच. एकाने तर मान वर न करता हाताने परत जायची खूण केली.

त्यांची अडचण खरी आहे. बँडसॉचा, म्हणजे गिरणीतल्या करवतयंत्राचा, दातेरी पट्टा वेगात फिरत असताना खिळ्यावर गेला तर दात उडतात, पट्टा तुटूही शकतो आणि समोर उभ्या माणसाच्या जिवावर बेततं. मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. काय करून आणलं तर चिरून द्याल, हे एकानेही सांगितलं नाही. भाड्याचा टेम्पो भरून न्यायचा आणि तसाच परत आणायचा. एवढं एक वाक्य बोलायला काय लागतं?

ते वाक्य शेवटी आमच्या गावातल्या सुतारमामांनी सांगितलं. “वहिनी, खिळा दिसत नसला तरी लाकूड सांगतं. काळा डाग शोधा.” लोखंड ओलाव्याने गंजतं, लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याशी त्याची क्रिया होते आणि भोवती निळसर काळा डाग पडतो. खिळ्याचं डोकं कधीच झडून गेलेलं असलं तरी डाग राहतो. मग आम्ही प्रत्येक कडी तारेच्या ब्रशने घासली आणि प्रत्येक डागाभोवती खडूने गोल काढला. कड्यांवर पाट ठोकलेले असतात, त्यामुळे वरच्या बाजूला खिळ्यांची रांगच सापडते. दोन्ही टोकं तपासायला मात्र विसरू नका. तिथे भिंतीत गेलेल्या भागात खिळा कमी, पण माती आणि बारीक खडे भरलेले असतात, आणि पट्ट्याची धार त्यांनीही जाते. आम्ही टोकं सरळ कापूनच टाकली. वाळवी असते तीही बहुधा तिथेच.

डोकं शाबूत असलेले खिळे पहार आणि पकडीने निघतात. पहारीखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे कडीला खड्डा पडत नाही. डोकं तुटलेला खिळा उलट बाजूला आला असेल तर सुंबा (ठोकायची बोथट लोखंडी कांडी) लावून मागून ठोकायचा. अगदीच अडला तर पटाशीने भोवतालचं लाकूड कोरायचं आणि टोक पकडीत धरायचं. जुने चौकोनी, हाताने घडवलेले खिळे फार घट्ट बसलेले असतात. त्यांना आधी डोक्यावर एक हातोडा मारून हलवायचं, मग ओढायचं. सगळं झाल्यावर सुरक्षा रक्षकांकडे असतो तसला हातातला मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवायचा. आम्हाला स्वच्छ वाटलेल्या कड्यांतही तो वाजला.

खडूचे गोल आणि काढलेल्या खिळ्यांनी भरलेला डबा घेऊन मी पुन्हा एका गिरणीत गेले. मालकाला डबा दाखवला आणि सरळ विचारलं, “धारेला जायचा पट्टा कधी काढता?” तो हसला. संध्याकाळी काम संपताना या म्हणाला. पट्टा नाहीतरी उतरवायचाच असतो, तेव्हा त्यावर जुनं लाकूड घ्यायला हरकत नसते. पट्टा खराब झाला तर भरपाई देईन हेही मी आधीच कबूल केलं. एकही दात न उडता सगळं चिरून निघालं. त्या संध्याकाळी मला जितका आनंद झाला तितका बाक तयार झाल्यावरही झाला नाही. तेव्हा गिरणीत जाताना ही दोन वाक्यं तयार ठेवा: खिळे काढलेत, आणि शेवटच्या पट्ट्यावर चालेल.

मापं अशी: लांबी साडेचार फूट, उंची साधारण 17 इंच. वर चार पट्ट्या, मधे दोन सूत (पाव इंच) फट, म्हणजे पाणी साचत नाही. रुंदी 16 इंचांच्या आसपास येते. पाय अख्ख्या कडीचे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे घेतलेत तर तेच काळे डाग पुन्हा पडतील. आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने भोक पाडायचं, नाहीतर ऐन चिरतं आणि स्क्रूचं डोकं तुटतं.

रंगवलेली दारं-खिडक्या वापरणार असाल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं. पाणी लावून घासा, तोंडाला मास्क बांधा आणि मुलांना लांब ठेवा. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर स्वस्त मिळाले तरी बसायच्या बाकाला नको. लाकूड टिकावं म्हणून त्यांत मुरवलेलं क्रिओसोट हे डांबरी तेल कातडीला घातक असतं.

आणि हो, लाकूड गावाहून शहरात न्यायचं असेल तर गाडी भरण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात वाहतूक परवान्याचं विचारा. सागवानाच्या वाहतुकीवर नियंत्रण आहे, वाटेत गाडी अडली तर जुनं आहे हे तोंडी सांगून भागत नाही. आम्ही बाकं गावातच केली, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

शेवटचा हात उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, पातळ, दोनदा. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा. पायांच्या कापलेल्या टोकांना तेल जास्त पाजा, आणि प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. लाकूड मातीला टेकलं की वाळवीला वाट मिळते.