तुम्ही विचारलंत म्हणून : ‘रॉक ऑन’ची गाणी खरोखर रॉक आहेत का?

मी गिटार शिकवतो, आणि शिकवणाऱ्याला जे प्रश्न वर्षानुवर्षे ऐकावे लागतात त्यांतला हा एक आहे. अभिषेक कपूर दिग्दर्शित ‘रॉक ऑन’ हा चित्रपट २९ ऑगस्ट २००८ रोजी प्रदर्शित झाला. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे होते, शब्द जावेद अख्तर यांचे, आणि मुख्य गाणी नायकाची भूमिका करणाऱ्या फरहान अख्तर यांनी स्वतःच गायली होती. तेव्हापासून माझ्याकडे येणारे विद्यार्थी विचारतात की हे खरे रॉक आहे का, आणि त्यांना सोडायला येणारे आईवडील विचारतात की इतक्या कर्कश गाण्यांत मुलांना काय सापडते. एकाला जे फार मवाळ वाटते तेच दुसऱ्याला असह्य वाटते. माझे उत्तर असे की ही गाणी रॉक आहेत, आणि श्रोत्यांनी ज्या गोष्टींना दोष म्हटले त्यांतच त्यांचे रॉकपण आहे.

रॉक ऐकणाऱ्यांची नाराजी समजून घ्यायची तर मुंबईचा इतिहास आठवावा लागतो. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’चे कार्यक्रम भरू लागले. रॉक मशीन हा बँड, जो पुढे इंडस क्रीड या नावाने ओळखला गेला, याच शहरात वाढला. त्याच्या गिटारवादकांत महेश तिनईकर होते. हे सारे विश्व इंग्रजीत गाणारे होते. उघड्या आकाशाखाली, घामाघूम गर्दीत उभे राहून ते ऐकणे हा त्या पिढीचा अनुभव होता, आणि शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले ते कार्यक्रम बंद पडले याची खंत तिला आजही आहे. त्या पार्श्वभूमीवर हिंदी चित्रपटातला, चकचकीत ध्वनिमुद्रण झालेला अल्बम ‘रॉक’ म्हणून समोर आला तेव्हा तिने तो संशयाने ऐकला असेल, तर त्यात नवल नाही. गिटारचे एकल तुकडे आटोपशीर आहेत, गाण्यांत कोणाविरुद्ध संताप नाही, शीर्षकगीत तर सहज नाचता येईल असे आहे, हे त्यांचे आक्षेप मला मान्य आहेत. शीर्षकगीत मलाही या अल्बममधले सर्वांत सामान्य गाणे वाटते.

परंतु सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो रॉकच्या चाहत्यांपेक्षा चित्रपटसंगीताच्या जाणकारांकडून येतो. तो म्हणजे फरहान अख्तर यांचा आवाज. घोगरा आहे, पल्ला लहान आहे, वरच्या पट्टीत ताण जाणवतो, गाण्यापेक्षा बोलल्यासारखा वाटतो. ही निरीक्षणे चुकीची नाहीत. मात्र त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे सांगण्यासाठी मला गिटारकडे वळावे लागेल.

रॉकमध्ये गिटारवर सतत वाजतो तो पॉवर कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी छेडलेले काही स्वर. एरवीच्या साध्या कॉर्डमध्ये षड्ज, गंधार आणि पंचम असे तीन स्वर असतात. गंधार शुद्ध असेल तर कॉर्ड मेजर, म्हणजे उजळ, होतो आणि कोमल असेल तर मायनर, म्हणजे उदास. पॉवर कॉर्डमधून हा गंधारच वगळलेला असतो. त्याचे कारण असे की रॉकची गिटार अँप्लिफायरमधून मुद्दाम फाटलेल्या आवाजात वाजवली जाते, आणि त्या फाटण्यातून मूळ स्वरांखेरीज आणखी स्वर तयार होतात. केवळ षड्ज-पंचम असतील तर हे नवे स्वर त्यांच्याशी जुळून येतात आणि नाद भरदार होतो. गंधार मिसळला की सगळे गढूळ होऊ लागते. आपल्याकडे तानपुरासुद्धा बहुधा षड्ज-पंचमातच मिळवलेला असतो, त्यामुळे ही मोकळी जागा मराठी कानाला परकी वाटण्याचे कारण नाही. गिटारने गंधार सोडून दिल्यामुळे गाणे उजळ आहे की उदास, हे ठरवण्याचे काम गायकाकडे येते, आणि त्यासाठी त्याला फार हरकती घ्याव्या लागत नाहीत. किंबहुना त्याने त्या घेऊ नयेतच, कारण मुरकी (स्वरांचा चपळ वळसा) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) ज्या बारकाव्यांवर जगतात ते या फाटलेल्या नादाखाली दबून जातात. ज्या साथीलाच इतकी खरखर आहे तिच्यावर तसाच खरखरीत, सरळ स्वर लावणारा आवाज घट्ट बसतो. ‘सोचा है’ या गाण्यात गायक एकामागून एक भाबडे प्रश्न विचारत जातो. तिथे सराईत पार्श्वगायकाचा गुळगुळीत आवाज असता तर ते प्रश्न सुंदर वाटले असते, पण कोणी तरी ते खरोखर विचारते आहे असे वाटले नसते.

आईवडिलांच्या ‘कर्कश’ या तक्रारीबद्दलही मला असेच काही सांगायचे आहे. आवाज कमी करून ऐकवला तरी त्यांची अस्वस्थता जात नाही, हे मी पाहिले आहे. आपल्या तालसंस्कारात समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, पोहोचण्याची ओढ असते. रॉकमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा फटका पडतो. जिथे कान विसावण्याची अपेक्षा करतो तिथे जोर नसतो, आणि नको तिथे तो पुन्हा पुन्हा येतो. त्या पालकांना मी इतकेच सांगतो की टाळी दुसऱ्या मात्रेवर देऊन पाहा. बहुतेकांना त्यानंतर निदान गाण्याची चाल ऐकू येऊ लागते.

शब्दांवरचा वाद मला जास्त आवडतो, कारण तो भावगीतांवर वाढलेल्या श्रोत्यांकडून येतो आणि त्यांना शब्दांची खरी चाड असते. ‘पिछले सात दिनों में’ या गाण्यात आठवडाभरात काय काय हरवले याची यादी आहे, आणि तीत धुलाईचे बिल, अर्धवट वाचलेली कादंबरी, एका मुलीचा फोन नंबर अशा गोष्टी आहेत. यात काव्य कुठे आहे, असे मला विचारले जाते. मला तर जावेद अख्तर यांची यातली जाण विलक्षण वाटते. हिंदीतले दीर्घ स्वर लांबवायला सुंदर असतात, पण रॉकच्या तुटक आघातांवर ते अडखळतात. याउलट वस्तूंची नावे छोटी असतात, टणक असतात, आणि तालाच्या प्रत्येक फटक्यावर एकेक ठेवता येतात. शिवाय ऐन विशीतल्या मुलाचे जगणे अशाच किरकोळ वस्तूंनी भरलेले असते. उर्दू गझलेची परंपरा ज्याच्या घरात आहे अशा कवीने ती बाजूला ठेवून ही यादी लिहिली, याचे मोल आपण ओळखले पाहिजे.

कडक रॉक ऐकणाऱ्यांना या अल्बममधले ‘ज़हरीले’ तेवढे मान्य असते. ते सूरज जगन यांनी गायले आहे, आणि त्यांच्या गळ्यात वरच्या पट्टीतली धार आहे यात शंका नाही. तरीही हेच एक गाणे खरे आणि बाकीची नकली, ही वाटणी मला मंजूर नाही. डॉमिनिक सेरेजो आणि कॅरालिसा मोंतेरो यांच्या गाण्यांकडे तर या भांडणात कोणी लक्षच देत नाही.

या चर्चेत लवकरच ‘रॉकस्टार’चे नाव निघते. २०११ चा हा अल्बम ए. आर. रहमान यांचा, मोहित चौहान यांचा आवाज त्याच्या बहुतांश भागावर पसरलेला आहे आणि ‘साड्डा हक़’मध्ये ओरियांथी यांची गिटार आहे. संगीत म्हणून तो अधिक श्रीमंत आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. पण तो एका माणसाच्या तळमळीचा अल्बम आहे, आणि ती तळमळ कव्वालीतून, शहनाईतून, लोकगीताच्या वळणातून जाते. रॉक हा त्यातला एक रंग आहे. ‘रॉक ऑन’ चार मित्रांच्या बँडची गोष्ट सांगतो आणि त्याचा नादही तसाच आहे : गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि गळा यांपैकी कोणीही दुसऱ्याला झाकत नाही. एहसान नूरानी हे स्वतः गिटारवादक आहेत. गाण्याच्या मधल्या जागा व्हायोलिनच्या ताफ्याने भरण्याची हिंदी चित्रपटाची सवय इथे आवरलेली दिसते, याचे श्रेय मी त्यांच्या वादक असण्याला देतो.

त्याच संगीतकारांनी आणि त्याच कवीने २०१६ मध्ये ‘रॉक ऑन २’ केला. चित्रपट नोटाबंदीनंतर तीनच दिवसांनी लागला आणि लोक बँकांच्या रांगांत उभे होते, हे खरे असले तरी गाण्यांना चित्रपटगृहाची गरज नसते. त्या अल्बममधले गाणे शिकवा असे मला अजून कोणी म्हटलेले नाही. त्यात चौघांचे एकत्र वाजवणे मला ऐकू येत नाही.

पहिल्या अल्बममधले ते सर्वांत स्पष्ट ऐकायचे असेल तर ‘सिंदबाद द सेलर’ ऐका. फरहान अख्तर आणि रमण महादेवन यांनी गायलेले हे गाणे घाई न करता एक कथा सांगत जाते, हिंदीतून इंग्रजीत सहज शिरते आणि दुसरा आवाज येऊन मिळेपर्यंत भरत राहते. विद्यार्थी हे गाणे हटकून मागतात. एकट्याने आलेल्याला मी ते शिकवत नाही. ड्रम वाजवणारा आणि दुसऱ्या आवाजात गाणारा मित्र घेऊन या, मग बसू, असे सांगतो.