पाऊस झाला, बर्फ नाही

२ एप्रिल २०१५, फ्रीमाँट

काल टीव्हीवर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन वाळक्या गवतात उभे होते. जागा फिलिप्स स्टेशन, सिएरा नेवाडात साधारण ६,८०० फुटांवर. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे एरवी पाचेक फूट बर्फ असतो. पोकळ नळी तळापर्यंत खुपसायची आणि आतल्या बर्फासकट तिचं वजन करायचं, की पाणी किती ते कळतं. (ही नळी काढली ती नेवाडा विद्यापीठात लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या जेम्स चर्चने. मला हे फार आवडतं.) काल नळीला कामच नव्हतं. राज्यभरातला बर्फाचा साठा सरासरीच्या ५ टक्के.

आई फोनवर म्हणाली, "अगं, डिसेंबरात धो धो पडला म्हणालीस ना?"

पडला होता. घोळ तिथेच आहे. इथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठाक. हिवाळ्यात धरणं मुद्दाम थोडी रिकामी ठेवतात, पूर आला तर जागा हवी म्हणून. पुराची भीती सरली की एप्रिलपासून डोंगरावरचा बर्फ सावकाश वितळतो आणि धरणं भरून घेता येतात. राज्याचं जवळपास ३० टक्के पाणी असं येतं. यंदाचा हिवाळा इतका उबदार, की वरसुद्धा बर्फाऐवजी पाऊसच पडला आणि वाहून गेला. जायकवाडीचं गणित डोक्यात ठेवून हे समजायला मला वेळ लागला.

दुष्काळामुळे शहरांना आता पाणीवापरात २५ टक्के कपात सक्तीची. शेतीला वगळलंय, आणि माणसं वापरतात त्यातलं ८० टक्के पाणी शेतीलाच जातं. बदामाच्या बागा खूप पाणी पितात म्हणून ऑफिसात सगळे बदामवाल्यांवर तोंडसुख घेत होते. मी जालन्याची, मला उसाची भांडणं आठवली. पण कित्येक शेतकऱ्यांना सरकारी कालव्याचं पाणी यंदा शून्य आहे, हे कुणी बोलत नाही. ऐपत असलेले बोअर आणखी खोल नेतात. ईस्ट पोर्टरव्हिल नावाच्या गावात मजुरांच्या घरच्या विहिरी आटल्यात, दारात टाक्या ठेवून बाहेरून पाणी आणून भरतात.

"म्हणजे टँकरच की," आई म्हणाली. "किती दिवसाआड येतो?"

संध्याकाळी लॉनच्या पाण्याचा टायमर बंद केला. सोसायटीवाले कुरकुरतील, पण दुष्काळात पिवळ्या गवतासाठी त्यांना दंड करता येत नाही, असा कायदा गेल्याच वर्षी झालाय.