पावडरचा डबा

आमच्या शाळेचं गॅदरिंग म्हटलं की मला अजून गुलाबी पावडरचा वास येतो. माझगावातली मराठी शाळा, निम्म्या पोरांचे वडील गोदीत. स्टेज म्हणजे बाकं जोडून वर अंथरलेली सतरंजी. दोन बाकांच्या फटीत दर वर्षी कुणाचा तरी पाय अडकायचाच. नाचाआधी आम्ही रांगेत उभे, आणि तोंडावर फटाफट पफ. काळ्यासावळ्यांना दोनदा. मग घाम आला की गालावरून मानेपर्यंत ओघळ.

माझ्या बाकावरची शेजारीण चांगली काळी होती. नाटुकल्यात दर वर्षी तीच राक्षसीण. अंगाने काडी, आवाज चिमणीएवढा, तरी राक्षसीण. दुसरीत असताना मीच तिला म्हणाले होते, "तुझं बरंय, तुला रंगवावंही लागत नाही." ती हसली. मलाही तेव्हा ते हसूच वाटलं.

दुसरा ठरलेला कार्यक्रम 'एकात्मता'. कापसाची दाढी लावली की मुसलमान, गळ्यात पुठ्ठ्याचा क्रूस अडकवला की ख्रिश्चन, आणि धोतर-पगडी म्हणजे आपण. गंमत अशी, की वर्गात कोकणातल्या खेडकडचा खरा मुसलमान मुलगा होता. त्याचे वडील रोज गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गोदीत जायचे. स्टेजवरचा दाढीवाला बघून तोही आमच्यासारख्याच टाळ्या पिटायचा.

तिसरीत नव्या बाई आल्या. ठेंगण्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी 'एकात्मता' बंदच केली. म्हणाल्या, "घरी आजीला विचारून या, बाळाला निजवताना काय म्हणतात. तेच स्टेजवर म्हणायचं."

आम्ही हिरमुसलो. अंगाई कसली म्हणायची, नाच नाही काही नाही! पण तालमी सुरू झाल्या आणि मजा यायला लागली. खेडवाल्याच्या आजीची अंगाई जवळजवळ माझ्याच आजीची निघाली, हेल तेवढा बाणकोटी. माझगावातल्याच माथारपाखाडीतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी ख्रिश्चन मुलाची आजी तर लुगडं नेसून स्वतःच आली, डबाभर फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव घेऊन. आम्हाला वाटलं, कोळीणच आहे कुणी.

आणि एक मुलगी होती, आडनाव आमच्यासारखंच 'कर' लावून संपणारं, पण शनिवारच्या सकाळच्या शाळेला कायम दांडी. आम्ही तिला आळशी समजायचो. ती निघाली बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू. शनिवार त्यांचा शब्बाथ, काम न करण्याचा दिवस. कोकणात तिचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचा. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १७९६ सालचं, मांडवीला, आमच्या शाळेपासून फार लांबही नाही. तिने मलिदा आणला होता. पोहे, ओलं खोबरं, गूळ. आम्ही बोटं चाटली. अंगाई म्हणताना ती मध्येच अडखळली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या तिच्या आजीने बसल्या जागेवरून पुढची ओळ उचलली. मराठीतच.

त्यानंतर सगळी पोरं शहाणी झाली, असं काही नाही. मधल्या सुट्टीत चिडवाचिडवी चालूच होती. मी मात्र त्या मुलीची शनिवारची वही आपणहून लिहून द्यायला लागले, बदल्यात मलिदा.

पुढे डी.एड.ला केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकन दाम्पत्याचा १९४० च्या सुमाराचा प्रयोग वाचला. तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे रंग सोडून सगळ्या बाबतींत सारख्या बाहुल्या ठेवल्या, आणि 'छान बाहुली कुठली?' म्हणून विचारलं. बहुतेकांनी गोरी दाखवली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या कामाचाही आधार घेतला. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे अमेरिका आलीच नाही. रांगेत दुसऱ्या पफची वाट बघत, डोळे घट्ट मिटून उभी असलेली शेजारीण आली.

तिसरीतल्या त्या वर्षी नाटुकल्यात ती राणी होती. राक्षस झाला वर्गातला सर्वांत गोरा मुलगा, आणि त्याने असा काही धुमाकूळ घातला की खरंच दोन बाकं सरकली. राणीचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोचला नाही, पण तोंडाला पावडर कुणाच्याच नव्हती. तो डबा बाईंनी आदल्याच दिवशी शिपाईमामांना देऊन टाकला होता. त्यांचा कॅरम बोर्ड वर्षभर छान चालला.